ड्रेस छान, माप परकं

दिवाळीचे डबे तळाला लागतात त्या सुमारास आपल्याकडे दोन हंगाम एकदम उभे राहतात. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई, आणि हवेत जरा गारवा आला की मैदानातल्या मोठ्या कॉन्सर्ट. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात काहिली, त्यामुळे उघड्यावर हजारो माणसं नाचवायची तर नोव्हेंबर ते मार्च एवढेच महिने आयोजकांच्या हाती उरतात. २४ नोव्हेंबर २०२४ ला दिलजीत दोसांझ पुण्यात कोथरूडला गाऊन गेला, ३० तारखेला डुआ लिपा वांद्रे-कुर्ला संकुलात आली, आणि १८, १९ व २१ जानेवारी २०२५ अशा तीन रात्री कोल्डप्लेने नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम भरून टाकलं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा हा संगीत महोत्सव भरतो, तो वेगळाच.

हे दोन्ही हंगाम शेवटी एकाच माणसाच्या अंगावर येतात: गल्लीच्या तोंडाशी मशीन टाकून बसलेल्या, ‘अल्टर व फिटिंग करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या मास्तरांच्या. डाव्या हाताला लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग, उजव्या हाताला पिको-फॉलच्या साड्या, आणि समोर कॉलेजातली मुलगी. तिच्या हातात सॅटिनचा ड्रेस. ‘‘काका, एवढा फिट करून द्या ना, शनिवारी कॉन्सर्ट आहे.’’ मास्तर ड्रेस उलटा करतात, आतली शिलाई निरखतात आणि विचारतात, ‘‘होईल. पण कुठे फिट करू?’’

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मुलींकडे नसतं. आरशासमोर ताठ उभं राहून, पोट आत ओढून जो ड्रेस छान दिसतो, तो दुपारपासून रांगेत उभं राहून, मध्ये मैदानातच बसकण मारून, रात्री दोन्ही हात वर करून उड्या मारतानाही छान राहील असं नाही. लग्नात नवरीला बसायचं असतं आणि फोटोपुरतं उभं राहायचं असतं. तिच्या ब्लाउजला हलायची सवड फारशी लागत नाही. कॉन्सर्टच्या ड्रेसला लागते, आणि ‘फिट करा’ म्हणताना नेमकी तीच सवड आपण शिंप्याकडून काढून टाकवतो.

मुळात छान ड्रेस आपल्याला का बसत नाही? आपलं अंग बिघडलेलं असतं म्हणून नव्हे. तयार कपडा एका सरासरी बाईसाठी कापलेला असतो, आणि ती बाई कुठे राहते हे अजून कुणाला सापडलेलं नाही. १९३९-४० साली अमेरिकी सरकारने तिला शोधायचा मोठा प्रयत्न केला. तिथे कॅटलॉग पाहून टपालाने कपडे मागवायची पद्धत होती, आणि न बसणारे कपडे परत येऊन कंपन्यांचं नुकसान होत होतं. आजच्या ऑनलाइन दुकानांचं रडगाणं तेव्हाही तेच होतं म्हणायचं. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली गेली. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं अंतिम हिशेबात धरली नाहीत, हे त्या काळाला साजेसंच. अहवाल १९४१ मध्ये आला, अशा मोजण्यांवर उभं राहिलेलं सरकारी प्रमाण १९५८ मध्ये ठरलं, आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आलं.

मधल्या काळात अमेरिकी हवाईदलाने पुरुषांवर असाच हिशेब करून पाहिला. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची दहा मापं ताडून पाहिली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक त्याला एकही मिळाला नाही. विमानाची खुर्ची मागेपुढे सरकवता यायला हवी, हा आग्रह अशा मोजण्यांनंतर वाढला. कपड्यांच्या बाबतीत खुर्ची सरकवायचं काम कोपऱ्यावरच्या मास्तरांवर सोपवलेलं आहे. आपल्याकडे ‘निफ्ट’ या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने ‘इंडियासाइझ’ प्रकल्पात मुंबईसह सहा शहरांत २५ हजारांहून अधिक स्त्री-पुरुष त्रिमितीय स्कॅनरने मोजायचं ठरवलं, ते याच कारणाने: भारतीय बांध्याला परदेशी तक्ते लागू पडत नाहीत. त्यातून काय निघायचं ते निघो. आज दुकानात एका ब्रँडचं मीडियम दुसऱ्याच्या लार्जएवढं असतं, आणि दंडात घट्ट ड्रेस कमरेत घोळदार निघतो.

म्हणून अल्टरची सुरुवात मशीनवर होत नाही, दुकानातच होते. नियम साधा आहे आणि बहुतेकजणी तो उलटा पाळतात. अंगाचा जो भाग सर्वांत मोठा, त्याला बसणारा ड्रेस घ्यावा आणि बाकीचा आत घ्यावा. छातीला बसणारा घेतला तर कंबर आत घेता येते. कमरेला बसणारा घेतला आणि छातीत तट्ट झाला, तर पुढची सगळी वाट अवघड. आणि खांदा बघायचा. शिवणाऱ्या कुणालाही विचारा, खांद्याचं काम हाती घ्यायला तो नाखूश असतो, कारण खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढ्याचा आकार पुन्हा कापायचा, गळ्याचा तोल सांभाळायचा, आणि मग बाही पुन्हा चढवायची. ड्रेस त्यापेक्षा नवा शिवलेला बरा. पट्ट्यांचा ड्रेस असेल तर मात्र चैन आहे. खांद्यावरची पट्टी अर्धा-पाऊण इंच आखूड केली की गळा वर येतो, बगल वर येते, छातीचे टक्स जागेवर बसतात. दहा मिनिटांचं काम, पण ड्रेस पाहणाऱ्याला वाटतं अंगावर शिवून घेतलाय.

कंबर आत घेताना घरी हमखास चुकतो तो हिशेब. ड्रेस कमरेत दोन इंच सैल आहे. मग मुली दोन्ही बाजूंना चिमटीत इंच-इंच कापड धरून टाचण्या लावतात आणि टीप मारतात. चिमटीतल्या घडीत कापड दुहेरी असतं, त्यामुळे एका बाजूला दोन इंच गेले, दोन्ही मिळून चार. श्वास कोंडतो. दोन इंच काढायचे तर एका बाजूच्या शिवणीवर एक इंच, म्हणजे जुन्या शिलाईपासून फक्त अर्धा इंच आत टीप. तीही सगळीकडे अर्धा इंच नाही. बगलेजवळ शून्यापासून सुरुवात, कमरेशी अर्धा इंच, नितंबाकडे जाता जाता पुन्हा जुन्या शिलाईत मिसळून शून्य. अचानक वळण दिलं की तिथे कापडाला सुरकुती पडते आणि इस्त्रीने ती जात नाही. बाजूला चेन असेल तर त्या बाजूला हात न लावता मागे दोन लांब टक्स घालावेत, ते कमरेशी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते. मागच्या पाठीत कन्सील चेन असेल तर बाजूच्या शिवणी मोकळ्या, काम सोपं.

पक्की टीप मारण्याआधी मशीनचा टाका सर्वांत मोठा ठेवून कच्ची शिलाई घालावी, ड्रेस चढवून पाहावा. कच्ची शिलाई ओढली की निघते. हे सांगायला लाज वाटावी इतकं प्राथमिक आहे, पण घाईत तेच वगळलं जातं. आणि कापड सुती किंवा रेयॉनचं असेल तर अल्टरच्या आधी एकदा धुऊन वाळवावं. फिटिंग करून मग धुतला आणि आटला, तर दोष कुणाला देणार?

आता उलटी बाजू. ड्रेस घट्ट आहे, सैल करायचा आहे. आपल्या आयांच्या पिढीला हा प्रश्न इतका अवघड वाटत नसे. लहानपणी शिंप्याला सांगितलं जायचं, ‘वाढत्या अंगाचं शिवा.’ परकराला खालून दोन-तीन आडव्या टका घातलेल्या असायच्या आणि मुलगी उंच होईल तशी एकेक टक उसवायची. उसवल्या जागी कापडाचा गडद पट्टा दिसायचा, त्यावरून मुलीची वर्षं मोजता यायची. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत आजही चांगला शिंपी इंचभर, कधी त्याहून जास्त माया सोडतो आणि समांतर दोन-तीन टिपा मारून ठेवतो. बाळंतपणानंतर एक टीप उसवली की ब्लाउज पुन्हा अंगात येतो. तयार कपड्याच्या कारखान्यात हजारो नग एकदम कापले जातात, तिथे प्रत्येक शिवणीतलं अर्धा इंच कापड म्हणजे थेट पैसा. म्हणून ड्रेस उलटा केला की ओव्हरलॉकच्या काठाशी जेमतेम सेंटीमीटरभर कापड दिसतं. मास्तर आधी ड्रेस उलटा करतात ते यासाठीच. लहान करणं शिंप्याच्या हातात असतं, मोठं करणं कापणाऱ्याने आत काय ठेवलंय त्यावर.

आत काहीच नसेल तर तीन वाटा उरतात. एक, बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना पट्टी जोडणं. ही मिळत्या रंगाची शोधत बसण्यापेक्षा उघड वेगळी घ्यावी: काळ्या ड्रेसला मखमलीची, फुलाफुलांच्या ड्रेसला एकरंगी. चोरून लावलेला जोड चोरटा दिसतो, दाखवून लावलेला डिझाइन ठरतो. दोन, फक्त हात वर करताना अडत असेल तर बगलेत चौकोनी तुकडा घालणं. तीन, आणि माझ्या मते कॉन्सर्टसाठी सर्वांत उत्तम, मागची चेन काढून तिथे दोन्ही कडांना लूप लावून दोरी ओवणं. ब्लाउजच्या पाठीला नाडी आणि लटकन बांधणाऱ्या मराठी मुलीला हे नवीन नाही. आत त्याच कापडाची एक रुंद पट्टी एका बाजूने जोडायची, म्हणजे पाठ उघडी पडत नाही. दोन-तीन इंचांची सवड मिळते, आणि संध्याकाळी काहीतरी खाल्ल्यावर दोरी सैल करता येते. चेनला ही सोय नाही.

हात वर करण्याबद्दल एक गोष्ट शिंप्यांना पक्की ठाऊक असते आणि गिऱ्हाइकांना पटता पटत नाही. मुंढा मोठा असला की हात मोकळा हलेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात खोल मुंढ्याचा ड्रेस घालून हात वर केले की बगलेपासून सगळा ड्रेस वर ओढला जातो, आणि खालचा काठ मांडीवर चढतो. मुंढा बगलेच्या जवळ, उंच कापलेला असेल तर हात उठतो आणि ड्रेस जागेवर राहतो. त्यामुळे बाहीच्या आखूड ड्रेसची परीक्षा आरशात घ्यायची नाही. हात पूर्ण वर करून, मागून कुणाला तरी फोटो काढायला लावायचा. काठ किती वर जातो ते पाहूनच उंची ठरवायची. बिनबाह्यांच्या ड्रेसला ही अडचण नाही. बगलेत घोळ असेल तर तिथून छातीकडे एक छोटा टक्स पुरतो.

बिनपट्ट्यांचा ड्रेस हा वेगळाच प्राणी आहे. तो छातीवर टिकतो असं वाटून मुली तो वरून घट्ट करवून घेतात आणि रात्रभर वर ओढत राहतात. खरं तर असा ड्रेस कमरेवर तोलायचा असतो. आतून कमरेच्या शिवणीला एक घट्ट, न ताणणारी फीत जोडायची, तिला पुढे किंवा मागे हूक. आधी ही फीत बांधायची, मग चेन लावायची. वजन फीत घेते, छातीवरचा भाग नुसता टेकून राहतो. वरच्या काठाला आतून सिलिकॉनची पट्टी लावली तर घसरण आणखी कमी.

कापड काय आहे यावर बाकीचं ठरतं. सॅटिनला सुईचं भोक राहतं, एकदा उसवलं की जुन्या टिपेची रांग दिसते. म्हणून सॅटिन आत घेता येतं, बाहेर काढताना फसतं. टाचणीसुद्धा शिवणीच्या आतल्या कापडातच टोचायची, आणि सुई बारीक, ११ नंबरची. ताणणाऱ्या होजियरीला बॉलपॉइंट सुई आणि झिगझॅग किंवा ओव्हरलॉक. साध्या सरळ टिपेने शिवलं तर पहिल्या उडीला शिलाई तटकन तुटते. नेटचे धागे निघत नाहीत, त्याचा काठ नुसता कात्रीने कापला तरी चालतो. पण आतलं अस्तर उंचीने कमी करायला विसरू नये.

टिकल्यांच्या ड्रेसवर मात्र जरा थांबायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत कॉन्सर्ट म्हटलं की चमचम आलीच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या उन्हाळ्याअखेर बियॉन्सेने आपल्या दौऱ्यातल्या प्रेक्षकांना चंदेरी कपडे घालून यायला सांगितलं आणि स्टेडियमं चांदीची झाली. टेलर स्विफ्टच्या ‘इराज’ दौऱ्यात मुली तिच्या एकेका अल्बमला शोभेलसे ड्रेस आणि मण्यांची ब्रेसलेटं घालून जायच्या. रंगमंचावरचा झोत प्रेक्षकांकडे वळला की टिकल्या उजळतात, हा त्यामागचा हिशेब. पण मशीनखाली टिकली आली की सुई मोडते. आधी टिपेच्या रेषेवरच्या टिकल्या एकेक काढायच्या, मगच शिवायचं. त्या बहुधा एका सलग दोऱ्यात ओवलेल्या असतात. मध्येच दोरा कापला की ओळच्या ओळ गळायला लागते, म्हणून कापलेलं टोक मागे नेऊन गाठ मारायची. शिवून झाल्यावर उघड्या पडलेल्या जागी काढलेल्या टिकल्या हाताने परत लावायच्या. मास्तर याचे जास्त पैसे मागतात, ते योग्यच मागतात. बगलेत आतून मऊ सुती पट्टी लावून घ्यावी, नाहीतर टिकल्या दंडाची आतली बाजू सोलून काढतात.

खिसा हा माझा आग्रहाचा विषय. मोठ्या कॉन्सर्टना बॅगा आत नेता येत नाहीत किंवा अगदी लहान चालतात, आणि बायकांच्या ड्रेसला खिसे न ठेवण्यात तयार कपडेवाल्यांना कसलासा आनंद मिळतो. बाजूच्या शिवणीत खिसा बसवणं अवघड नाही: वीतभर शिवण उसवायची, आत कापडाची पिशवी जोडायची. अडचण फोनच्या वजनाची आहे. पातळ कापडाच्या शिवणीला पिशवी नुसती लटकवली तर ती बाजू खाली ओढते आणि ड्रेस वाकडा दिसतो. पिशवीचं वरचं टोक फितीने कमरेच्या शिवणीला टाचून घ्यायचं, म्हणजे भार कमरेवर जातो. आत सायकलिंग शॉर्ट्स घालणार असाल तर खिसा त्या शॉर्ट्सलाच शिवा, हा आणखी सोपा उपाय.

उंची सर्वांत शेवटी, आणि जे बूट घालणार ते घालूनच. मैदानात गवत, धूळ, सांडलेलं सरबत असतं, तिथे जमिनीला टेकणारा घेर म्हणजे केरसुणी. घेरदार, तिरप्या कापडाचा स्कर्ट असेल तर काठ दुमडण्याआधी तो रात्रभर हँगरला टांगून ठेवावा. तिरपं कापड आपल्याच वजनाने कुठे कमी कुठे जास्त उतरतं. ते उतरून झाल्यावर जमिनीपासून पट्टीने मोजून खूण करायची.

अंगावरच शिवून घेतलेल्या ड्रेसची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका गाण्याच्या रात्रीचीच आहे. १९ मे १९६२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मेरिलिन मन्रोने अध्यक्ष केनेडींना वाढदिवसाच्या शुभेच्छा गाऊन दिल्या. ड्रेस जाँ लुई यांचा, त्याचं रेखाटन तेव्हा अगदी तरुण असलेल्या बॉब मॅकीचं. कातडीच्या रंगाचं झिरझिरीत कापड, त्यावर चमकते खडे, आणि तो इतका चपखल की तो घातल्यावर तिला त्यात शिवून बंद करावं लागलं. गाणं छोटं होतं, तिला नाचायचं नव्हतं, म्हणून हे खपून गेलं. २०१६ मध्ये तो ड्रेस ४८ लाख डॉलरला विकला गेला. २०२२ च्या ‘मेट गाला’ या फॅशन सोहळ्यासाठी किम कार्दशियनने तो मागून घेतला. त्यात काडीचाही बदल करायचा नाही, ही अट. ड्रेस बदलता येत नाही म्हणून तिने वजन उतरवलं, तरी मागची बाजू पुरती मिटली नाही. पांढऱ्या फरच्या शालीने पाठ झाकून ती पायऱ्या चढली आणि वर जाऊन हुबेहूब दुसरा ड्रेस घातला. जगातल्या सर्वांत महागड्या ड्रेसपैकी एक, आणि त्याला टक्स घालायची मुभा नाही! कोपऱ्यावरच्या मास्तरांनी ही अट ऐकून ड्रेस परत केला असता.

राहिली मास्तरांची वेळ. लगीनसराईत ऐन आठवड्यात काम मिळणार नाही. तिकीट हातात पडलं की ड्रेस घेऊन जावं, आणि एक ट्रायल मागून घ्यावी. ट्रायलला तेच बूट, तेच आतले कपडे. मांडी घालून बसावं, हात वर करावेत, वाकून बुटाची नाडी बांधावी, जागच्या जागी चार उड्या माराव्यात. दुकानात लोक बघतात, बघू देत. कुठे ओढतंय ते तिथल्या तिथे सांगितलं तर मास्तर खडूने खूण करून घेतात.

आणि ड्रेस त्यांच्या हाती देताना एक वाक्य विसरू नये: ‘‘आत घेतलेलं कापड कापू नका.’’ न सांगता ते जादा कापड कापून ओव्हरलॉक मारतात. काम स्वच्छ दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून. फारच जाड होत असेल तर बगलेजवळ थोडं कमी करू द्यावं, कमरेत नाही. ते कापड आत दुमडून, कडेला झिगझॅग मारून, इस्त्रीने बसवून घ्यावं. कॉन्सर्ट झाली की धाकटी बहीण तो ड्रेस मागणारच आहे, आणि तिचं माप वेगळं असणार आहे.